सामाईक तुळई

वरून चिमूटभर माती सुटली आणि नेमकी त्रिशलाबाईंच्या कपात पडली. सकाळच्या शाळेचे दिवस, न्हालेलं अंग अजून धड वाळलेलं नाही, स्टोव्ह नुकताच फुस्स करून विझलेला, आणि बाई सोप्यात भिंतीला पाठ लावून चहाचा पहिला घोट घेणार तेवढ्यात हे. तपकिरी चहावर तपकिरी ठिपके तरंगत राहिले. बाईंनी वर पाहिलं. तुळई होती तिथंच होती, या टोकापासून मधल्या भिंतीपर्यंत आणि भिंतीवरून पलीकडे, तेल पिऊन तुकतुकीत झालेली. मग आवाज आला. टक. जरा थांबून, जरा सरकून, पुन्हा टक. पलीकडे भाऊसोंच्या सोप्यात कुणीतरी तुळईवर लोखंडानं ठोकत होतं आणि तो ठोका लाकडाच्या आतून चालत चालत अलीकडे येत होता, रुळाला कान लावला की लांबची मालगाडी ऐकू येते ना, अगदी तसा. आणि त्याच्यामागून वरच्या फटीतून भाऊसोंचा आवाज उतरला, सावकाश, पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसा. "आतनं लाकूड जिवंत हाय. असलं सागवान आता मिळायचं न्हाई. निस्तं वरनं काळं झालंय म्हणून कुनी वळखत न्हाई." बाईंचा कप ओठाजवळच थांबला. वाक्य त्यांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा होता. दिवाळीच्या सुट्टीत, हात आणि नाक काळं झालेलं असताना, पदर खोचून, हसत हसत त्यांनी ते भाऊसोंना सांगितलं होतं. आता ते परत आलं होतं, गावाकडचे कपडे घालून. पलीकडे दुसरा एक आवाज होता, अनोळखी, गालात तंबाखू धरलेला. तुम्हाला हे कुणी सांगितलं, असं तो विचारत होता. "ह्या शेजारच्या बाईंनी," भाऊसो म्हणाले. "मास्तरीण हायत. शिकल्यासवरल्या बाई, त्या खोटं कशाला सांगतील."

त्या फटीची गोष्ट अशी. बाईंचं घर म्हणजे अर्धं घर होतं. सांगलीच्या गावभागात, नदीकडे उतरत जाणाऱ्या एका बोळात, काळ्या दगडाच्या जोत्यावर उभं असलेलं हे घर दोन भावांचं. थोरले लालासाहेब, धाकटे भाऊसो. कशावरून बिनसलं ते आता कुणालाच नक्की आठवत नाही. भाऊसोंच्या साळूबाई म्हणतात म्हशीच्या चाऱ्यावरून, गल्ली म्हणते कुठल्याशा लग्नात आहेर आधी कुणाच्या नावाचा वाचला यावरून. पण बिनसलं ते असं, की दोघांनी सुतळी धरून घराचा बरोब्बर मध्य काढला आणि तिथून एक भिंत उभी घातली. सोप्यातून भिंत, माजघरातून भिंत, परसातून भिंत, आणि परसातला आड मध्यावर आला तर आडाच्या तोंडावरूनसुद्धा भिंत! अर्ध्या चंद्रातून इकडची घागर खाली सोडायची, अर्ध्या चंद्रातून तिकडची, आणि खाली अंधारात दोन्ही घागरी एकाच पाण्यात एकमेकींवर आपटायच्या. फक्त एक गोष्ट गवंड्यानं ऐकली नाही. सोप्याची मोठी तुळई दोन्ही अर्ध्यांवरून सलग गेलेली होती. भिंत तिला टेकवू नका, रागाची भिंत आहे, पातळ आहे, दबेल, असं सांगून त्यानं तुळईखाली वीतभर जागा मोकळी सोडली. त्या वीतभर जागेतून पुढं सगळा संसार जात-येत राहिला. इकडचं स्तोत्र तिकडं, तिकडचा रेडिओ इकडं. रविवारी दुपारी भाऊसोंकडचा मटणाचा रस्सा फटीतून खुशाल सोप्यात उतरायचा आणि बाई, समडोळीच्या जैन पाटलांची लेक, उदबत्ती लावून गप्प वाचत बसायच्या. एकदा साळूबाई फटीतूनच म्हणाल्या होत्या, "बाई, वास येतोय न्हवं का? काय करू, ह्यांना त्याबिगर घास उतरत न्हाई. तुमी नाकाला पदर लावा, मी तोंडाला लावती." आणि दोघी आपापल्या बाजूला पोट धरून हसल्या होत्या.

लालासाहेब गेले, त्यांची माणसं अर्धं घर विकून पुण्याला गेली, आणि ते अर्धं घर घेतलं त्रिशलाबाईंनी, दुष्काळ संपला त्याच्या दुसऱ्या वर्षी, पाटल्या मोडून. सगळ्यांनी वेड्यात काढलं. बाईमाणूस, एकटी, आणि त्यातही अर्धं! पण एका बाईमाणसाला एक अख्खं काहीतरी हवं असतं आणि ते अर्ध्यातसुद्धा मिळू शकतं, हे सांगायचं कुणाला? बाईंचं लग्न झालं होतं, वर्षभर टिकलं होतं, आणि मग एके दिवशी त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना बैलगाडीतून समडोळीच्या वेशीपर्यंत आणून सोडलं होतं, तांब्याभर पाणीसुद्धा न पिता गाडी वळवली होती. त्याच्यानंतर भाऊ जिनदत्तच्या घरात त्यांची ट्रंक होती. खरंच, त्या होत्या असं म्हणण्यापेक्षा त्यांची ट्रंक होती असं म्हणणं बरोबर. आधी ती माजघरात होती. भावाचं लग्न झालं तशी ती सोप्यात आली. पुतण्या झाला तशी जिन्याखाली. उसाला पाणी आलं, घरात खताची पोती आली, तशी ती पोत्यांच्या खोलीत. कुणी वाईट बोलत नव्हतं, मुळीच नाही. वहिनी जेवायला वाढताना तूप विसरत नव्हत्या. फक्त शाळेतून आलं की ट्रंक नव्या जागी असायची आणि वहिनी म्हणायच्या, अक्का, जरा सरकवली बरं का. मग सांगलीत बदली झाली, भाड्याच्या खोल्या झाल्या, तिथंही कधी मालकाच्या जावयाला खोली हवी असायची तर कधी मालकाच्या शेंगांना. अशा सरकता सरकता बाई अडतीस वर्षांच्या झाल्या. म्हणून अर्धं तर अर्धं, पण जिथून आपल्याला कुणी सरकवणार नाही अशी चार भिंतींची जागा त्यांना हवी होती. त्यातली एक भिंत रागाची निघाली, त्याला काय करायचं.

आणि घर घेतलं तर कसं, सगळं गळकं, पोपडे धरलेलं, नदीचं पाणी कधीकाळी कंबरेपर्यंत आलेलं भिंतींवर लिहिलेलं. जिनदत्त मोटारसायकलवरून आला, जोत्यावर चढायच्या आधीच म्हणाला, पाड आणि स्लॅब टाक. मुख्याध्यापक म्हणाले, सिमेंटच्या परवान्यासाठी अर्ज करा, तुम्ही निवृत्त होईपर्यंत मिळेल. बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. त्यांना तो पडलेला, झडलेला, कुबट वासाचा सोपा आवडला होता, आता आवडला म्हणजे आवडला! चंद्राबाई म्हणून एक गिलावा करणारी होती, तिला हाताशी घेऊन त्यांनी पांढरी माती आणवली, भुसा घालून आंबवली, परसात तो चिखल तुडवला. मास्तरीण गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि भिंतीवरून शाळेतल्याच मुली डोकावून खिदळताहेत. भिंती झाल्या, जमीन झाली, कौलं चाळून झाली. मग बाईंनी मान वर केली. तुळई. काजळी, तिच्यावर कुठल्यातरी लग्नातला हिरवा ऑइलपेंट, त्याच्यावर चुना, परत काजळी. आधी त्यांनी धुण्याच्या सोड्याचं पाणी मारून पाहिलं, मग विटेचा तुकडा, मग बोथट सुरी, मग फुटलेल्या काचेची धार. स्टुलावर उभं राहून, मान मागं टाकून, तोंडावर फडकं बांधून. एक सबंध दिवाळीची सुट्टी त्यात गेली. गल्लीला तर पर्वणीच. बाई तुळईला न्हाऊ घालतात, असं म्हणायचे. बाई, बारसं कधी, नाव काय ठेवलं, असं दारातून विचारायचे. आणि एका दुपारी काचेच्या धारेखाली ते निघालं. नक्षी नव्हती, वेलबुट्टी नव्हती, घोडे-हत्ती काही नव्हतं. नुसतं लाकूड. मधाच्या रंगाचं, रेषा रेषांचं, आणि त्याला वास आला, इतक्या वर्षांनी, ताजा, कडवट, जसा काही कालच कापला असावा. बाईंनी गाल लावून पाहिला. कुणी पाहत नव्हतं. त्या क्षणी त्यांना काय वाटलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतंच. एवढंच, की वर्षानुवर्षं काळं म्हणून बाजूला सारलेलं काहीतरी आत धडधाकट होतं, आणि ते त्यांना सापडलं होतं.

आनंद झाला की माणसाला शहाणपण उरत नाही. बाई तशाच, माखलेल्या हातांनी, बोळात उतरल्या, शेजारच्या दारातून आत गेल्या आणि भाऊसोंना हाताला धरून आपल्याकडे घेऊन आल्या. भाऊसो म्हणजे काठीला टेकून चालणारा, मिशी पांढरी, थोडंसं कमी ऐकणारा माणूस. ते मान वर करून बराच वेळ बघत राहिले. बाई बोलत सुटल्या होत्या, वर्गात बोलतात तशा, आतून लाकूड जिवंत आहे, असलं सागवान आता मिळायचं नाही. तेवढ्यावरही थांबल्या नाहीत. तुमच्या बाजूलाही असंच आहे, दाखवते, म्हणून त्यांनी स्टूल उचललं, भाऊसोंच्या सोप्यात नेलं, साळूबाईंनी ते धरून ठेवलं, आणि बाईंनी त्यांच्या काळ्याकुट्ट तुळईवर हातभर जागा स्वतः घासून उघडी केली. स्वतः! तिथंही मध होता. भाऊसोंनी हात वर करून त्या जागेवर बोटांची पेरं आपटली होती, दोनदा, अगदी हळू. बाईंना वाटलं होतं ते गोंजारताहेत.

त्या दिवशी शाळेत बाईंचं कशातच लक्ष लागलं नाही. चौथीच्या मुली कविता म्हणत होत्या, सुरात, माना डोलावत, आणि बाईंना नुसती तोंडं उघडमीट होताना दिसत होती. कधी हात टेबलावर गेला कळलं नाही, बोटाची पेरं लाकडावर आपटली, ठक. पोकळ. टेबल हलक्या लाकडाचं होतं. मग फळ्याला ठोकून पाहिलं, मग खिडकीच्या चौकटीला. मुली कविता थांबवून बघू लागल्या आणि पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली की बाई, आत कोण आहे? सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, हसताना दातांत तो सकाळचा ठोका पुन्हा उमटला. पलीकडची बाजू गेली तर काय होईल, याचा हिशेब डोक्यात आपोआप पुढं पुढं जात होता, उतारावरच्या हातगाडीसारखा. मधे कापलेल्या तुळईचं आतलं टोक हवेत लोंबेल. तिच्यावर सोप्याच्या सगळ्या आडव्या कड्या, कड्यांवर माळा, माळ्यावर छप्पर. खाली भिंत आहे, पण ती रागाची, तिला टेकवायचं नाही. आणि तीही राहणार कुठं? भाऊसोंचं छप्पर उतरलं की ती उघड्यावर, नुसती माती. पावसाळा लागला की ढेकूळ पाण्यात विरघळतं तशी विरघळून बोळातून वाहत नदीला जाईल. मग विटांची भिंत. विटांना सिमेंट. सिमेंटला परवाना. परवान्याला आयुष्य. गाडी उतारावरून खाली जाऊन आपटायची आणि पुन्हा वर येऊन तिथूनच सुटायची.

संध्याकाळी त्या भाऊसोंकडे गेल्या. भाऊसो घोंगड्यावर बसले होते. साळूबाईंनी सवयीनं चहाचं भांडं हातात घेतलं आणि दाराबाहेर बघून परत ठेवलं, दिवस बुडाला, आता बाई काही घ्यायच्या नाहीत म्हणाल्या. वर घासलेली हातभर जागा अंधारात उजळ दिसत होती. बाईंनी काही घोळवलं नाही.

"भाऊसो, तुळई कापू नका."

भाऊसोंना खरंच नवल वाटलं. "निम्मी माजी हाय न्हवं का, बाई? तुमची निम्मी मी न्हेतोय का?"

"तुळई निम्मी कशी असेल? मधेच कापली तर माझी बाजू कशावर उभी राहणार?"

"टेकू द्या की एक. मी दोरी लावून माप घेनार. बोटभर जरी तुमच्यात आलो तर माजा कान धरा, शाळंत धरता तसा."

बाईंनी म्हणून पाहिलं की तुमची बाजू मला विका, आज नाही, हळूहळू देईन. भाऊसोंनी मान खाली घातली. इसार घेतलाय, म्हणाले. सकाळी आलेल्या आकाराम वखारवाल्याचा इसार घेतलाय, आता शब्द गेला. पोरगा मानसिंग पलटणीतून सुटून साताऱ्याला आलाय, गोडोलीत जागा घेतलीय, भिंती उठल्यात आणि वर काही नाही; ह्या लाकडांच्या पैशावर त्याचं छप्पर व्हायचंय. आणि मग त्यांनी जे केलं ते बाईंना आयुष्यभर पुसता आलं नाही. भाऊसोंनी काठी बाजूला ठेवली आणि त्यांना हात जोडले, मनापासून, देवाला जोडावेत तसे. "मी तर सरपण म्हणून काढाय निघालो हुतो, बाई. तुमी सांगितलं म्हणून कळलं. तुमच्यामुळं माज्या पोराच्या डोक्यावर स्लॅब पडनार. लय उपकार झालं." माणूस फसवत असता, कुजका असता, तर बाईंना भांडता आलं असतं. शाळेत त्या भांडायच्या, मुख्याध्यापकांशी, पालकांशी, खडूच्या पेटीवरूनसुद्धा. इथं त्यांनी नुसती मान हलवली आणि असू दे म्हणाल्या. असू दे! घरी आल्यावर तो शब्द त्यांच्या तोंडात केस अडकावा तसा अडकून राहिला.

वकिलांकडे त्या जाऊन आल्या. शाळेतल्याच एका बाईंचे यजमान, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, दावा लावता येईल, अवश्य लावावा, निकाल लागेल तेव्हा तुळईही असेल आणि आपणही असू अशी आशा धरू. बाई परत येताना गणपतीच्या देवळापासून नदीवर उतरल्या आणि घाटाच्या पायरीवर बसून राहिल्या. कृष्णेला पाणी नव्हतं म्हणण्याइतकंच होतं, उन्हाळ्यात असतं तसं. पलीकडच्या काठावर वाळूत गाढवं उभी होती. आपण घासलं नसतं तर, हा विचार त्या दिवसांत त्यांच्या मनात इतक्यांदा आला की शेवटी त्याची धार गेली, नुसतं घासल्याची हालचाल उरली. मनगट पुढं, मनगट मागं. पण न घासता राहता आलं असतं का, असं त्या स्वतःला विचारायच्या आणि खरं उत्तर यायचं की नाही, राहता आलं नसतं. आणि भाऊसोंना बोलावल्यावाचूनही राहता आलं नसतं, कारण सापडलेलं दाखवायला या जगात त्यांना दुसरं होतं कोण? गाल लावला तेव्हाचा तो वास आठवायचा त्या प्रयत्न करायच्या. येत नव्हता. आता सोप्यात तेलाचा वास यायचा, नुसत्या तेलाचा.

साळूबाई दुपारी फटीशी यायच्या. त्यांच्याकडचं सामान हलायला लागलं होतं. उतरंड निघाली, डबे निघाले, आणि रिकाम्या सोप्यात त्यांचा आवाज घुमायचा. मला नाही जायचं तिकडं, म्हणायच्या, स्लॅबखाली उन्हाळ्यात भाकरी भाजल्यासारखं होतं म्हणे. इथं निदान तुमची खोकल्याची ढास तरी ऐकू येते. बाई अलीकडून हं म्हणायच्या. एकदा साळूबाईंनी विचारलं, अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं. "तुमी कशाला घासलं वो ते? काळं हुतं तवर कुनाच्या डोळ्यात न्हवतं." पलीकडे साळूबाई उठल्याचा आवाज झाला, बांगड्या, गुडघे, आवं ऐका की म्हणत त्या आत गेल्या, भाऊसोंना कुठल्यातरी तपेल्याचं विचारायला.

जिनदत्त आला तो दुपारच्या उन्हात, धुळीनं माखून, शेंगांची पिशवी घेऊन. त्यानं तुळई पाहिली, भिंत पाहिली, फटीतून पलीकडे डोकावून पाहिलं आणि जोत्यावर बसून घाम पुसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "अक्का, टेकूवर किती दिवस ऱ्हाशील? टेकू म्हणजे काय घर हाय व्हय?" असं म्हणाला, आणि मग, खोली आहेच की म्हणाला, पोती दुसरीकडं सरकवतो. पोती सरकवतो, असं म्हणाला तो, प्रेमानं, आणि बाईंना हसू आलं, कारण या वेळी निदान पोती सरकणार होती. तो म्हणाला, हसायला काय झालं? काही नाही म्हणाल्या, शेंगा भाजून देते. स्टोव्हवर तव्यात शेंगा भाजताना त्यांच्या डोळ्यांत धूर गेला, म्हणजे धूरच होता तो, रॉकेल खराब येत होतं त्या महिन्यात. जाताना जिनदत्तानं मोटारसायकलला किक मारली, ती लागली नाही, परत मारली, आणि त्या दोन किकांच्या मधे त्यांना वाटलं की म्हणावं, थांब, मी येते. मग ती लागली.

ज्या दिवशी आकाराम वखारवाल्याची माणसं यायची होती त्या दिवशी बाईंनी रजा टाकली. इतक्या वर्षांत त्यांनी ताप असतानाही टाकली नव्हती. पलीकडची कौलं दोन दिवस आधीच उतरली होती, कड्या, वासे, माळ्याच्या फळ्या सगळं बोळात रचून गाडीत गेलं होतं. भाऊसो आणि साळूबाई सकाळच्या गाडीनं साताऱ्याला गेले होते. साळूबाई दारात येऊन बाईंच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडून गेल्या, भाऊसो पुन्हा हात जोडून गेले. आणि आता फटीतून ऊन येत होतं. हे घर बांधलं तेव्हापासून सोप्याच्या या कोपऱ्यात कधी ऊन आलं नसेल. ते थेट तुळईच्या अंगावरून घरंगळत आत शिरलं होतं, आणि बाईंनी सुट्टीभर काढलेली एक एक रेष त्यात दिसत होती. त्यांनीसुद्धा तिला इतकं लख्ख कधी पाहिलं नव्हतं. देखणी दिसत होती. त्यांनी नजर काढून घेतली. गुंडा मिस्त्रीनं आदल्या दिवशी येऊन भिंतीला लागून एक टेकू उभा केला होता, बाभळीचा, वेडावाकडा, साल न काढलेला. खाली दगड, वर पाचर. रंगवून घ्या पाहिजे तर, असं तो जाताना म्हणाला होता, थट्टेनं नाही, खरंच.

आकारामची दोन माणसं पलीकडे फळ्यांच्या माच्यावर चढली. भाऊसोंनी खरोखरच दोरी लावून खडूनं खूण करून ठेवली होती, भिंतीच्या बरोबर मधोमध, बोटभरही इकडे नाही. दोघांनी धरून ओढायची लांब करवत फटीतून पाऊण दिसत होती. पहिला ओढा बसला आणि बाईंना वाटलं होतं तसं काही झालं नाही. आवाज मोठा नव्हता, घोगरा, संथ, कुणीतरी शेजारच्या खोलीत झोपेत श्वास घेत असावं तसा. बाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. भुसा पडू लागला, दोन्ही बाजूंनी, उन्हात सोन्यासारखा, आणि त्याचा वास आला. ताजा, कडवट. इतके दिवस आठवत नव्हता तो वास, आता सोपा भरून येत होता, माजघरात शिरत होता, पातळात, केसांत. बाईंनी दाराची चौकट धरली. करवत खाली खाली चालली होती. मग ती अडकली. पलीकडे शिवी ऐकू आली, कुजबुज, आणि फटीत एक घामेजलेलं तोंड आलं, मुंडासं बांधलेलं, तरुण.

"बाई, तुमचा टेकू हलतोय. त्यो हलला की करवत अडकती. कुनी हाय का गडीमाणूस?"

"नाही."

"मग जरा तुमीच धरून उभ्या ऱ्हावा. दोनी हातांनी. आता थोडंच ऱ्हायलंय."

बाईंनी चौकट सोडली. मग सोप्यातून चालत गेल्या, पदर खोचला आणि टेकूला दोन्ही हातांनी कव घातली. साल खरखरीत होती, गालाला लागली. करवत पुन्हा सुरू झाली आणि या वेळी ती आवाज नव्हती. तुळईतून पाचरीत, पाचरीतून टेकूत उतरून ती त्यांच्या हातांत आली, कोपरांत, बरगड्यांत, प्रत्येक ओढा, जाताना एक, येताना एक. भुसा त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होता. टेकू पायाशी जरा सरकतोय असं वाटलं, तशी त्यांनी पाऊल त्याच्या बुडाशी घट्ट रोवलं.

"हां, असंच," वरून तो पोरगा म्हणाला. "बेस धरलंय बाई."

करवत अडकू नये म्हणून त्यांनी आणखी जोर लावला.